मी म्हणे ईएसएफजे

आज दिवसभर बँकेचं ट्रेनिंग होतं. स्वभाव ओळखायच्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीचे ढीगभर प्रश्न सोडवून घेतले आणि संध्याकाळी हातात चार अक्षरं ठेवली. ईएसएफजे. म्हणजे मी माणसांत रमणारी, सगळ्यांना सांभाळून घेणारी. टाळ्या वाजल्या, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र डोकं ठणकायला लागलं, कारण 'सांभाळून घेणारी' म्हटल्याबरोबर मला आमचे हेड कॅशियर काका आठवले होते.

माणसांची सोळा खोकी पाडणारी ही चाचणी इसाबेल मायर्स आणि तिची आई कॅथरिन ब्रिग्ज यांनी कार्ल युंग हा स्विस मानसशास्त्रज्ञ वाचून बेतली. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. हे मला चहाच्या सुट्टीत मोबाईलवर कळलं, ट्रेनरकडून नाही.

काका कुठल्या खोक्यात बसले असते? घुमा माणूस. डबा एकट्याने खाणार. कुणाच्या वाढदिवसाला केक आला की "शुगर आहे" म्हणून लांबूनच हात जोडणार, आणि पाच मिनिटांनी खाली टपरीवर गोड चहा पिताना दिसणार. ट्रेनरने 'संवादकौशल्यात सुधारणेला वाव' असा शेरा मारला असता.

नोव्हेंबर 2016. तालुक्याची शाखा. 8 तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या आणि 10 ला आम्ही शटर उघडलं तेव्हा रांग थेट एसटी स्टँडपर्यंत. फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स, माणशी 4000 रुपये बदलून. शनिवारी, 12 तारखेला, एक गृहस्थ मागच्या दाराने आत आले. साहेबांच्या ओळखीचे. हातात फॉर्मांचा गठ्ठा, प्रत्येकाला झेरॉक्स टाचलेली. काकांनी गठ्ठा चाळला.

"कागद आले. माणसं कुठायत?"

साहेब म्हणाले, "अहो, घ्या ना ॲडजस्ट करून." काकांनी गठ्ठा बाजूला सरकवला, ओल्या स्पंजवर बोट टेकवलं आणि रांगेतल्या पुढच्या बाईंना हाक मारली. ना भाषण, ना आवाज चढवणं.

आता सांगा, हे कुठल्या अक्षरात बसवायचं? आय म्हणजे अंतर्मुख, की ई म्हणजे बहिर्मुख? बोलका माणूस लबाड असू शकतो, घुमाही असू शकतो. स्वभाव म्हणजे तुम्ही 'नाही' कसं म्हणता ते. 'नाही' म्हणता की म्हणत नाही, ते वेगळ्याच कप्प्यातून येतं. त्या कप्प्याचा प्रश्न आज एकही नव्हता, आणि असता तरी सगळ्यांनी सोवळंच उत्तर लिहिलं असतं. आपल्या ऑफिसांत 'ॲडजस्ट करणारा' चांगला आणि अडून बसणारा आडमुठा, हे तुम्हालाही माहीत आहे. काकांच्या मागेही 'आडमुठा' हाच शब्द लागला होता.

बरं, मान्य. माणसांना कंटाळणाऱ्याला चौकशीच्या खिडकीत बसवू नये, एवढं या चाचणीने कळत असेल तर कळो.

खरं तर मला चाचणीचा राग आलेलाच नाहीये. इतका वेळ टाळत होते, लिहूनच टाकते.

तो गठ्ठा नंतर माझ्या काउंटरवर आला. बारा फॉर्म. साहेब माझ्याकडे बघून हसले, "मॅडम आपल्या टीममधल्या आहेत." आणि मी केले. 48000. सांभाळून घेतलं ना! चारच्या सुमाराला शाखेतली कॅश संपली. माझ्या खिडकीसमोर एक आजोबा होते, टोपी काढून हातात धरलेली, टोपीत घडी घातलेल्या पाचशेच्या दोन नोटा. मी म्हटलं, "आजोबा, सोमवारी सुट्टी आहे, उद्या रविवार असला तरी बँक उघडी आहे, उद्या या." ते "बरं बाई" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी रांगेत त्यांना शोधत होते. दिसले नाहीत.

नियम मला माहीत होता. भीतीही फारशी नव्हती, साहेब काय खाणार होते का मला? फक्त कुणी नाराज होऊ नये, एवढंच वाटलं होतं. आज त्याच गुणाला टाळ्या पडल्या.

मघाशी काकांना फोन केला. रिटायर होऊन चार वर्षं झाली त्यांना. त्या शनिवारचा विषय काढला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी तुझी कॅश पैशाला पैसा जुळली होती. माझी दहा रुपये शॉर्ट होती."

मग जेवलीस का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.