एका काडीची जपानयात्रा

सकाळी सव्वानऊला क्योतोत माझ्या हातात आलेली बांबूची एक काडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसाकातसुद्धा माझ्याकडेच होती. मधल्या वेळात तिने माझ्याबरोबर दोन देवस्थानं, एक महाबुद्ध, शेकडो हरणं आणि निऑनच्या पाट्यांनी उजळलेला एक अख्खा बाजार पाहिला. खरं तर माझ्यापेक्षा तिनेच जपान जास्त निवांतपणे पाहिलं.

पुतणीने सावध केलं होतं. ती तोक्योत निशिकासाईला राहते. तिथं भारतीय इतके, की तूरडाळीसाठी कुणाच्या सामानावर डोळा ठेवावा लागत नाही. निघताना तिने माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. "काका, ही कचऱ्याची. हरवू नका."

मी हसलो. उभा जन्म सांगलीत गेला, पण कचरा टाकायला जागा शोधावी लागते हे कधी कानावर आलं नव्हतं. आपल्याकडे जागा आपोआप तयार होते. एकाने केळ्याची साल टाकली, की चौथ्या दिवशी तिथं 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी लागते आणि जागा पक्की होते.

तिने कारणही सांगितलं होतं. 20 मार्च 1995 ला ओम शिनरिक्यो नावाच्या पंथाच्या लोकांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. त्यानंतर स्टेशनांवरच्या आणि रस्त्यांवरच्या कचरापेट्या मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या. लोकांनी तक्रार न करता आपापला कचरा घरी न्यायला सुरुवात केली, कारण शाळेत वर्ग स्वतः झाडायची सवय होतीच. आमचं घर मात्र साडेसहा हजार किलोमीटरवर होतं.

तर काडी. फुशिमी इनारी हे क्योतोतलं देवस्थान. इनारी भाताचा आणि धंद्यातल्या बरकतीचा देव, कोल्हे त्याचे दूत. डोंगरावर सुमारे 10,000 केशरी-लाल कमानी एकीला एक चिकटून उभ्या आहेत. चढताना त्या सुंदर दिसतात. उतरताना कळतं, की प्रत्येकीच्या मागच्या बाजूला देणगीदाराचं नाव आहे. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'यांच्या स्मरणार्थ' वाचत वाढलेल्या माणसाला तिथं एकदम घरच्यासारखं वाटतं.

पायथ्याशी दांगो विकत होते. तांदळाच्या पिठाचे गोळे काडीत ओवून निखाऱ्यावर भाजतात आणि वरून सोया सॉस अन् साखरेचा दाट पाक ओततात. चावल्यावर मला निवगऱ्या आठवल्या. मोदकांची उकड उरली की आई करायची त्या. फक्त ह्या निवगऱ्या कुणीतरी काकवीत बुडवून परदेशी पाठवल्यासारख्या. पाक ओघळून मनगटापर्यंत आला. खात खात आम्ही शंभरेक कमानी ओलांडल्या तेव्हा काडी रिकामी झाली.

आणि टाकायला कुठंच काही नाही.

नियम नंतर कळला. जिथं घेतलं तिथंच उभं राहून खायचं आणि काडी विकणाऱ्यालाच परत द्यायची. तोवर आम्ही दुसऱ्या वाटेने खाली उतरलो होतो. वाटेत कोल्ड्रिंकचं मशीन लागलं, शेजारी दोन गोल भोकांची पेटी. मी काडी काढली. "अहो, ते बाटल्यांचं आहे," ही म्हणाली. "चित्र काढलंय ना." लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मी काडी खिशात ठेवली.

मग एक युक्ती सुचली. चोवीस तास उघड्या दुकानात काही घेतलं, की त्यांची पेटी वापरायचा हक्क मिळेल. हिच्यासाठी ओनिगिरी घेतला. समुद्री शेवाळाच्या कागदात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण, आत उमेबोशी, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेलं आंबट फळ. हिने एक घास घेतला आणि डोळे मिटले. "मुरलेलं लिंबाचं लोणचं आणि दहा दिवसांनी भात!" हा आनंद दुकानाबाहेर शंभर पावलांवर, गाडी गाठायच्या घाईत झाला. म्हणजे आता काडी आणि वर प्लास्टिकचं वेष्टण.

आम्ही आलो तीच रेल्वे पुढं नारा शहराला जाते. तोदाइजी मंदिरातला बुद्ध पंधरा मीटर उंच आहे आणि त्याचे नेत्र उघडण्याचा विधी 752 साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला. आपला माणूस बाराशे सत्तर वर्षांपूर्वी इथं येऊन, इतकं मोठं काम करून, नाव ठेवून गेला. मी त्याच जागी उभा राहून ओल्या टिश्यूचं काय करावं ह्या विवंचनेत होतो.

मंदिराच्या एका खांबाला खाली चौकोनी भोक आहे. बुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणतात. त्यातून आरपार गेलं की पुढं ज्ञानप्राप्ती. पोरं सुळकन जात होती. मी माझ्या पोटाकडं पाहिलं आणि अज्ञानात राहायचं ठरवलं.

बाहेर हरणं. ती कासुगा देवाची दूत मानली जातात, त्यामुळं त्यांचा रुबाब देवस्थानच्या विश्वस्तांसारखा. त्यांच्यासाठी कोंड्याची बिस्किटं विकत मिळतात. बिस्किट दाखवलं की हरीण मान लववून नमस्कार करतं. बिस्किटं संपली की नमस्कार संपतो. एकाने सरळ माझ्या कचऱ्याच्या पिशवीला तोंड घातलं.

आता द्यायची म्हटलं तर प्रश्न चुटकीसरशी सुटत होता. पण 2019 मध्ये इथं मेलेल्या एका हरणाच्या पोटातून चार किलोंहून जास्त प्लास्टिक निघालं होतं, हे पुतणीने सांगितलेलं. म्हणून मी पिशवी ओढली. हरणाने ओढली. पाच मिनिटं आठव्या शतकातल्या मंदिरासमोर एक सेवानिवृत्त माणूस स्वतःच्याच कचऱ्यासाठी झटापट करत होता. आजूबाजूला मोबाइल वर झाले. कुठल्यातरी देशात मी कुणाच्या तरी फॅमिली ग्रुपवर आहे.

स्टेशनाच्या वाटेवर गर्दी दिसली. "मोची खाऊया," मी म्हणालो. हिने आधी माझ्या चपलांकडं पाहिलं. दोघं जण लाकडी मोगऱ्यांनी उखळातला शिजवलेला भात कुटत होते, आरोळ्या ठोकत, आणि दोन घावांच्या मधल्या निमिषात तिसऱ्याचा हात आत जाऊन गोळा उलटवून बाहेर. त्याची बोटं सगळी शाबूत होती, मी मोजली. मोची हिरवीगार, योमोगी नावाच्या पाल्याची, आत गोड लाल चवळीसारखं पुरण, वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. डाळ्याच्या पिठाचा वास येत होता. कागद माझ्याकडं.

इथं माझा तोल गेला. बाकावर बसलो, पिशवी शेजारी ठेवली, आणि उठताना ती 'विसरलो'. वळूनही न बघता, मनात रामरक्षा म्हणत. दोनशे पावलं गेलो असेन, मागून धाप लागल्याचा आवाज. सत्तरीपुढच्या एक आजी पळत आल्या होत्या. पिशवी दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तशी, त्यांनी मला दिली आणि कमरेतून वाकल्या. मी वाकलो. त्या परत वाकल्या. मी आणखी वाकलो. पिशवीतून काडीचं टोक बाहेर आलेलं होतं.

ओसाकात दोतोनबोरीच्या निऑनच्या बाजारात ताकोयाकी खाल्ले. आप्पेपात्रातच करतात, फक्त आत ऑक्टोपसचा तुकडा. वर टाकलेल्या सुक्या माशाच्या पातळ सालपटी वाफेने नाचतात, जणू पदार्थ अजून जिवंत आहे. "आप्पे आहेत ना?" ही म्हणाली. "आप्पेच," मी म्हणालो, "पण तू नको खाऊ." जीभ भाजली, पण दुकानासमोरच उभं राहून खाल्ले आणि कागदी होडी दुकानदाराला परत केली. आधीची पिशवी पुढं केली तेव्हा त्याने हसून दोन्ही हातांची फुली केली. ते आमचं नव्हे, असं.

हॉटेलच्या खोलीतली कचरापेटी तांब्याएवढी. पिशवी मावेना, म्हणून तिच्या शेजारी जमिनीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ओसाकाचा किल्ला बघायला बाहेर पडलो, अगदी हलक्या खांद्यांनी.

संध्याकाळी सहाला दार उघडलं. चादरी ताणलेल्या. पेटी रिकामी. टेबलावर मधोमध आमची पिशवी. पेटीत टाकलेलं नाही म्हणजे पाहुण्यांचं सामान, असा तिथला हिशेब. तोंडाला छान गाठ मारलेली, आणि आतून टोचू नये म्हणून काडी बाहेर काढून शेजारी सरळ रेषेत ठेवलेली. वर कागदाचा एक छोटा करकोचा.

हिने शांतपणे सुटकेस उघडली. "आण इकडं," ती म्हणाली. "ठेवून गेलो तर पोस्टाने सांगलीला येईल."