घरी शिकवा, पण मूल चौदा वर्षांचं झालं की कॅलेंडर काढून बसा

घरी शिकलेल्या मुलांना कॉलेजात प्रवेश मिळतो. गोव्यातही मिळतो. अडतं ते मुलाच्या हुशारीपाशी नाही, कागदांपाशी. आणि कागदांची चूक झालेली असते मूल चौदा-पंधरा वर्षांचं असताना, कळते ती अठराव्या वर्षी, कॉलेजच्या काउंटरवर.

२०१६ साली मुंबईची एक घरी शिकलेली मुलगी अमेरिकेत एमआयटीला गेली. संगणक प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिला तीन पदकं होती. आपल्या आयआयटीचं दार मात्र बंद होतं, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. ही बातमी कौतुकाने शेअर करणाऱ्या आईबाबांनी तिचा दुसरा अर्धा भागही वाचावा. ऑलिम्पियाडचं पदक लाखात एखाद्याला मिळतं, बारावी बहुतेकांना करता येते.

बारावी करायची तर सरळ रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या बोर्डाचा. (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म महाराष्ट्र बोर्डाचा, पेडण्याच्या पलीकडच्या नातेवाइकांचं ऐकून इथे तो शोधत फिरू नका.) वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं. आठवीचा दाखला नसेल तर स्वतःचं लेखी निवेदन चालतं, जन्मदाखला मात्र हवाच. प्रमाणपत्रासाठी पाच विषय, प्रत्येकात ३३ टक्के. नोंदणी पाच वर्षं टिकते, तेवढ्यात नऊ संधी मिळतात. मराठी विषयही घेता येतो. या सवलती चांगल्या आहेत, आणि घात त्याच करतात. ‘पाच वर्षं आहेत, बघू’ असं म्हणत दोन वर्षं कधी निघून जातात ते घरात कोणाला कळत नाही.

इथे एक नियम नीट समजून घ्या. दहावी पास झाल्यावर दोन वर्षांचं अंतर पडल्याशिवाय एनआयओएस बारावीचं प्रमाणपत्र देत नाही. मूल कितीही पुढे असलं तरी एका वर्षानंतर जास्तीत जास्त चार विषयांना बसता येतं, पाचवा थांबतो. म्हणून हिशेब उलट्या बाजूने मांडा. जून २०२९ मध्ये कॉलेज हवं असेल तर बारावीचा शेवटचा पेपर ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२८ मध्ये संपवा आणि दहावी ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२६ मध्ये. एप्रिल-मेच्या परीक्षेलाही बसता येतं, पण निकालाला उशीर झाला तर इथल्या कॉलेजांच्या याद्या लागत असतात आणि तुमच्या हातात गुणपत्रिका नसते. गोवा बोर्डाच्या मुलांचा निकाल तोवर लागून गेलेला असतो.

विषय निवडताना इंग्रजी सोडू नका. जेईई मेनसाठी, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी, एनआयओएसच्या मुलाला बारावीला किमान पाच विषय लागतात. कुंकळ्ळीच्या एनआयटीत किंवा फर्मागुडीच्या आयआयटीत जायचं तर नुसतं पास होऊन भागत नाही. बारावीला ७५ टक्के हवेत, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५ टक्के. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बारावीची परीक्षा पहिल्यांदा कोणत्या वर्षी दिली हेही बघतात, म्हणून आयआयटी डोक्यात असेल तर विषय चार-पाच बैठकांत विखरू नका.

मेडिकलचं म्हणाल तर मुक्त विद्यालयाच्या मुलांना पूर्वी खरंच मज्जाव होता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो वाद मिटला. तरी ‘ओपन स्कूलवाल्यांना नीट (NEET) ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देता येत नाही’ असं छातीठोक सांगणारे अजून भेटतात. अशा ऐकीव माहितीवर एखाद्या मुलीने बायोलॉजी सोडणं याचं मला फार वाईट वाटतं.

सायन्सवाल्यांची खरी परीक्षा प्रॅक्टिकलला होते. थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळं पास व्हावं लागतं. डाव्या हाताने ब्युरेटची, म्हणजे द्रव सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी सांभाळायची, उजव्या हाताने फ्लास्क फिरवत राहायचं, थेंब थेंब सोडायचा आणि फिकट गुलाबी छटा टिकली की तिथेच थांबायचं. व्हिडिओ पाहून हा हात बसत नाही. एनआयओएसचं अभ्यासकेंद्र ठरवताना फी विचारण्याआधी प्रयोगशाळा बघून या.

आता गोव्याचे कागद. राज्याच्या कोट्यासाठी रहिवास किती वर्षांचा, शिक्षण कुठे झालं, दोन्ही विचारतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक शब्द न् शब्द वाचा आणि मामलेदारांकडचा रहिवासी दाखला आदल्या वर्षीच काढून ठेवा. नावाचं तर आपल्याकडे विशेषच. तेच आडनाव जन्मदाखल्यावर इंग्रजी ‘सी’ने आणि आधारवर ‘के’ने. एनआयओएसचा फॉर्म भरण्याआधी हे एकसारखं करून घ्या, मागाहून प्रत्येक कागद दुरुस्त करत बसावं लागतं. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजात बाहेरच्या बोर्डाच्या मुलांना पात्रता प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मायग्रेशनचा, म्हणजे जुनं बोर्ड सोडल्याचा, कागद जपून ठेवा.

प्रवेशानंतर ही मुलं कशी टिकतात? परदेशातले आकडे दाखवून छाती फुगवू नका. तसल्या पाहण्यांत बरेचदा आपणहून पुढे आलेली, शिकलेली घरं असतात. माझ्या मते या मुलांना लायब्ररीत एकट्याने विषय खणायची सवय असते, वर्गात प्रश्न विचारायला ती बिचकत नाहीत. पहिल्या सेमिस्टरमध्ये त्यांची दमछाक होते ती हजेरीने, जर्नल वेळेवर देण्याने आणि मुख्य म्हणजे सलग तीन तास लिहिण्याने. डोक्यात उत्तर असतं, हात दुखायला लागतो, शेवटचे दोन प्रश्न राहतात. याला उपाय आहे आणि तो घरीच होतो. दहावीच्या सहा महिने आधीपासून दर रविवारी एक जुना पेपर, घड्याळ लावून, मधे न उठता. तो आईबाबांनी तपासू नये. मुलाला न ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडे द्यावा, आणि मिळतील ते गुण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.