‘झिश म्हणजे स्वतः’ हे आधी डोक्यातून काढा

परवा भाचीने जर्मनच्या ए-टू परीक्षेच्या सरावाचं पत्र तपासायला पाठवलं. तिला लिहायचं होतं, ‘आज मी स्वतः स्वयंपाक केला.’ लिहिलं होतं, ‘इश हाबे मिश गेकॉख्ट’. म्हणजे, मी मला शिजवलं! विचारलं तर म्हणाली, “मावशी, ग्रुपवर तसंच आलंय.” ‘जर्मन रिफ्लेक्झिव्ह पाच मिनिटांत’ हा तो मेसेज; रिफ्लेक्झिव्ह म्हणजे कर्त्याकडेच परत येणारी झिश, मिश, डिश ही सर्वनामं. नंतर मलाही तिघांनी पाठवला.

त्यातला पहिलाच नियम: ‘मराठीत जिथे स्वतः, जर्मनमध्ये तिथे झिश.’ सगळं नुकसान या ओळीने केलंय. आपला ‘स्वतः’ दोन कामं करतो. ‘तिने स्वतःला आरशात पाहिलं’, इथे पाहणारी तीच आणि दिसणारीही तीच. ‘तिने स्वतः पाहिलं’, इथे नुसता जोर: दुसऱ्या कोणी नाही, तिनेच. जर्मनमध्ये पहिल्यासाठी झिश, दुसऱ्यासाठी झेल्ब्स्ट. म्हणून भाचीचं वाक्य हवं ‘इश हाबे झेल्ब्स्ट गेकॉख्ट’. आणि उलट बाजूने पाहा: ‘इश बेआइलं मिश’ म्हणजे मी घाई करते. यात ‘स्वतः’ आहे कुठे? डुडनचा कोश उघडा, ‘बेआइलन’चा अर्थ झिशसकटच दिलेला आहे. हे क्रियापद झिशशिवाय येतच नाही, तेव्हा पाठ करायचं ते जोडीनेच.

दुसरा नियम: ‘कर्ता कोणीही असो, झिश चालतं.’ एर (तो), झी (ती), एस (नपुंसक ते), अनेकवचनी झी (ते, त्या) आणि आदरार्थी झी (आपण) यांना चालतं, एवढं मान्य. पण इशला (मी) मिश, डूला (तू) डिश, वीअरला (आम्ही) उन्स, ईअरला (तुम्ही) ऑइश. ही चार नावं गाळून कसला नियम?

तिसरा: ‘मिश आणि मिअर एकच.’ साफ चूक. ‘इश वाशं मिश’, मी अंग धुते. हात धुवायचे म्हटले की आक्कुझाटिव्हची, म्हणजे थेट कर्माची, जागा हात घेतात आणि मी डाटिव्हमध्ये, म्हणजे चतुर्थीत, सरकते: ‘इश वाशं मिअर डी हेंडे’. हा फरक दिसतो तोही इश आणि डूपुरताच. मिश-मिअर, डिश-डिअर या दोन जोड्या पाठ करायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

चौथा, ‘बसण्या-उठण्याला पर्फेक्टमध्ये (भूतकाळाचं रूप) सहायक क्रियापद झाइन’. बसण्यापुरतं तरी हे चूक. मी बसले म्हणजे ‘इश हाबे मिश गेझेट्स्ट’. मिश-डिश आलं की सहायक क्रियापद हाबेन. बेआइलनपुढेही डुडन ‘हाट’ हे हाबेनचंच रूप देतो.

रात्री भाचीचं नवं वाक्य आलं, ‘मी केस कापले’: ‘इश हाबे मिअर डी हारे गेश्निटन’. मिअर बरोबर होतं. विचारलं, “घरी कापलेस की पार्लरमध्ये?” पार्लरमध्ये. मग शेवटी लासन (करवून घेणं) हवं गं: ‘इश हाबे मिअर डी हारे श्नाइडन लासन’.