तुझ्यात लई पोटेन्शियल आहे

मध्यंतरी अभ्यासिकेतल्या सत्तावीस नंबरच्या पोरानं टेबलावरचा कागद नखानं खरडून काढला. लाल स्केचपेननं 'पीएसआय' लिहून, वर आडवी-उभी चिकटपट्टी मारून दोन वर्षं जपलेला कागद. तो निघाला, पण खाली सनमायक्यावर चिकट चौकोन राहिला. पोरगं ओला रुमाल घेऊन तो घासत बसलं होतं. मी म्हणलं, राहू दे रे. तर म्हणतो, "नको सर, पुढच्याला कशाला दिसायला पाहिजे?"

हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायलोय.

अंबाजोगाईत माझी छोटी अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, दोन इन्व्हर्टर, पाण्याचे जार आणि चप्पल ठेवण्यावरून रोजची भांडणं. त्याआधी मी स्वतः सात वर्षं एमपीएससी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, मुलाखतीचं तोंड काही बघितलं नाही. त्यामुळं 'स्वतःतली क्षमता ओळखा' या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे.

मागच्या महिन्यात गावात एका प्रेरणादायी वक्त्याचं व्याख्यान झालं. हॉल गच्च. त्यांनी जांबुवंताची गोष्ट सांगितली: हनुमानाला स्वतःची ताकद माहीत नव्हती, कुणीतरी आठवण करून द्यावी लागली, तसे तुम्ही सगळे हनुमान आहात. टाळ्या. पोरं भारावून बाहेर पडली, मीही जरा भारावलो. घरी येताना गाडीवर सुचलं की त्या किनाऱ्यावर उडी मारायला हनुमान एकटाच होता. मूठभर जागांसाठी लाखो हनुमान रांगेत उभे नव्हते, आणि फी भरायची शेवटची तारीखही नव्हती.

माझा जांबुवंत म्हणजे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी. चौथीला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे पोरगं कलेक्टर होणार." माणूस देवासारखा, राग मुळीच नाही. पण त्या दिवसापासून मी 'हुशार' झालो आणि हुशार दिसत राहणं हेच माझं काम झालं. जे येणार नाही अशी शंका यायची त्याला मी हातच लावला नाही. गणितात अवघड उदाहरण आलं की मला तहान लागायची. बारावीत एका चाचणीत चौदा मार्क पडले, घरी एकेचाळीस सांगितले.

पुढं कळलं की हे फक्त माझं नाही. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या पोरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवून झाल्यावर काहींना म्हणलं, तू हुशार आहेस. काहींना म्हणलं, तू मेहनत घेतलीस. मग पुढं काय सोडवायचं ते विचारलं, तर हुशार म्हणलेली बरीचशी पोरं सोप्याकडं वळली. अवघड कोड्यात आपटल्यावर पुन्हा पहिल्यासारखीच सोपी दिली, तर त्यातही ती घसरली. आणि आपले गुण दुसऱ्यांना कळवायला सांगितले तेव्हा याच गटातल्या जास्त पोरांनी ते फुगवून सांगितले. हे वाचताना मला माझे एकेचाळीस आठवले.

आता याच ड्वेकबाईंच्या नावानं 'मानसिकता बदला, आयुष्य बदलेल' असा धंदा निघालाय, तो वेगळा. शाळाशाळांतून मोठ्या प्रमाणावर तपासलं तेव्हा 'बुद्धी मेहनतीनं वाढते' अशा नुसत्या मानसिकतेच्या धड्यांचा परिणाम माफकच निघाला. पण तेवढं सांगितलं तर हॉल कसा भरणार?

दुसरी गोष्ट माणसाच्या गरजांच्या त्रिकोणाची. मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा पिरॅमिड क्लासच्या भिंतीवर असतोच: खाली अन्न-पाणी, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान, आणि टोकावर आत्मविकास. मॅस्लोनं १९४३ च्या लेखात हा विचार मांडला खरा, पण त्यात त्रिकोण नाही. तो नंतर व्यवस्थापनवाल्यांनी काढला. उलट खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची जागी होत नाही असा गैरसमज नको, असं त्यानं तिथंच लिहिलंय. हे आम्हाला वेगळं सांगायची गरज नव्हती. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला खोली करून होतो. टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आम्ही चौघं एका घागरीत दिवस काढायचो आणि रात्री दोनपर्यंत राज्यघटना पाठ करायचो. तळाचा मजलाच नव्हता, तरी वरच्या मजल्यावर आमची वर्दळ चालू.

म्हणून परिस्थितीनं काहीच फरक पडत नाही, असं म्हणायला मी फार दिवस तयार होतो. आपण सोसलेलं असलं की माणूस हे वाक्य लई पटकन बोलतो. मग एक अभ्यास वाचनात आला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी घेतली होती, एकदा ऊस जायच्या आधी आणि एकदा पैसे हातात आल्यावर. २०१३ मध्ये 'सायन्स' मध्ये आला तो. माणूस तोच, डोकं तेच. पण पैशाची ओढाताण असताना तो चाचणीत कमी पडला. विवंचनेनं डोक्यातली जागा अडवलेली असते. संशोधकांच्या म्हणण्याचं सार एवढंच.

सत्तावीस नंबरचे आई-बाप ऊसतोडीला जातात. ती माणसं शेतकरी नाहीत, मजूर आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं. हे पोरगं लहानपणी थोडे दिवस फडावर, थोडे दिवस आजीकडं असं शिकलं. पुस्तक उघडलं की त्याच्या डोक्यात समाजसुधारक किती आणि यंदाची उचल किती, याचा हिशोब मी नाही केलेला. पण पाच मार्कांनी हुकलं तेव्हा त्याला मीच म्हणलो होतो, "तुझ्यात लई पोटेन्शियल आहे, अजून एक वर्ष दे." खोटं नव्हतं ते. पण पारावरचं वाक्य मी जसंच्या तसं पुढं ढकललं होतं.

कार्ल रॉजर्स नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मला यात जवळचा वाटतो, कारण गडी शेतावर वाढलेला आणि कॉलेजात आधी शेतकी शिकायला गेलेला. त्यानं घरच्या तळघरातल्या बटाट्यांची आठवण लिहून ठेवलीय. हिवाळ्यासाठी साठवलेल्या बटाट्यांना कोंब फुटायचे, पांढरेफटक, लांबच लांब, आणि सगळे त्या एका लहानशा खिडकीच्या दिशेनं. झाड कधी होणार नाही, पण वाढायची धडपड थांबत नाही. मनोरुग्णालयात पिचलेली माणसं बघताना त्याला ते कोंब आठवायचे. आमच्याकडं चाळीत राहिलेल्या कांद्याला कोंब येतो तसंच. व्याख्यानवाले कोंबाचं कौतुक करतात, कोंबाला शिव्याही देतात. खिडकी कुठं आहे, केवढी आहे, तिच्याकडं बघायला कुणी रिकामं नाही. मीही नव्हतो.

यावर कुणी म्हणेल, मग काय, आवडीचं काम करा असं सांगायचं? नाही बाबा. ते सांगणं मला आता सोपंय, अभ्यासिकेची भाडी येतात. ज्याच्या घरी उचल फिटायचीय त्याला 'मनाचं ऐक' म्हणणं ही चेष्टा होईल. सरकारी नोकरीमागं पोरं वेडी झालीत असं शहरातून म्हणणाऱ्यांनी एकदा फडावरची कोपी, म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी, बघावी.

तरी एक सांगतो. सहा महिन्यांपूर्वी आमचा बोअर बंद पडला. मेस्त्री दोन दिवस येईना. सत्तावीस नंबर पुस्तक मिटून खाली आला, स्टार्टर उघडला, टेस्टर लावला. चार तास उन्हात होता, चहाही राहिला तसाच. अभ्यासात दर वीस मिनिटांनी मोबाईल बघणारं पोरगं! तेव्हा मी ते मोटारीचं काम म्हणून बघितलं, सोडून दिलं.

कागद खरडून काढल्यावर खुर्ची सोडणार असं वाटलं होतं. सोडली नाही. सकाळी मोटार वाइंडिंगच्या दुकानात जातो, संध्याकाळी सातला येऊन दोन तास बसतो. हात तेलकट असतात म्हणून पुस्तकाला जुन्या पेपरचं कव्हर घातलंय. काल मी सहज विचारलं, आमची मोटार जळाली कशानं होती रे? तर उभ्या उभ्या सांगायला लागला: एक फेज गेलेला असतो, ऑटोस्विचमुळं रात्री लाईट आली की मोटार तशीच दोन फेजवर सुरू व्हायला बघते, फिरत नाही, नुसती घुमते, करंट वाढतो, वाइंडिंग तापतं. माझ्याच फीच्या रजिस्टरवर आकृती काढली. मॉक इंटरव्ह्यूत स्वतःचं नाव सांगताना घसा सुकणारं हे पोरगं, वीस मिनिटं बोलत होतं. मधेच थांबून मला विचारतो, "कळायलंय ना सर?"

अर्धंच कळलं होतं. म्हणलं, परत सांग.