दोनदा सडलेला तांदूळ

मराठीत ‘सडणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. माझी आजी कोकणातल्या घरी उखळात तांदूळ सडत असे, म्हणजे मुसळाने कांडून त्यावरचा कोंडा काढत असे. आणि उन्हाळ्यात झाकून ठेवलेला भात कोणाच्या लक्षात राहिला नाही, तर तोही सडत असे. दोन आठवड्यांपूर्वी क्योतो शहराच्या दक्षिणेकडील फुशिमी भागात मी साके हे जपानी मद्य चाखण्याच्या एका वर्गाला जाऊन आले आणि तेव्हापासून हे क्रियापद डोक्यातून जात नाही, कारण साके हे पेय या दोन्ही अर्थांनी सडलेल्या तांदळाचे आहे. आधी तांदूळ गिरणीत सडतात, मग तो वाफवून त्यातल्या काही भागावर मुद्दाम बुरशी चढवतात. शास्त्राच्या दृष्टीने या दुसऱ्या प्रकाराला सडणे म्हणता येणार नाही हे मला मान्य आहे, पण भातावर बुरशी दिसली तर आपल्या स्वयंपाकघरात दुसरा शब्द कोणी वापरत नाही.

ओसाकात राहून सहा वर्षे झाली, तरी मी या पेयाविषयी जवळजवळ काहीच जाणत नव्हते. साधी नावाची गोष्ट घ्या. जपानी भाषेत ‘साके’ म्हणजे कोणतेही मद्य, त्यात बिअरही आली. आपण ज्याला साके म्हणतो त्याला इथे ‘निहोनशु’ म्हणजे जपानी मद्य म्हणतात. इंग्रजीच्या प्रभावाने त्याला तांदळाची वाइन म्हणण्याची पद्धत पडली आहे, तीही फसवी आहे. द्राक्षात साखर तयारच असते, तांदळात ती नसते. त्यामुळे आधी पिष्टाची साखर करावी लागते आणि मग साखरेचे मद्य. बिअरमध्ये ही दोन कामे एकामागून एक होतात. साकेमध्ये ती एकाच पिंपात, एकाच वेळी चालू राहतात. बुरशी लावलेला तांदूळ, ज्याला ‘कोजी’ म्हणतात, तो हळूहळू साखर सोडत असतो आणि यीस्ट ती लगेच संपवत असते. साखरेचा एकदम भडिमार होत नसल्यामुळे यीस्ट दीर्घकाळ तग धरते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास पोचू शकतो. नंतर पाणी घालून तो साधारण पंधरा-सोळा टक्क्यांवर आणतात. या बुरशीला जपानच्या मद्यनिर्मिती क्षेत्रातील विद्वत्संस्थेने २००६ साली ‘राष्ट्रीय बुरशी’ असा मान दिला आणि कोजीवर आधारलेल्या या कौशल्याची डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली.

वर्गात आम्ही सहा जण होतो. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात पेला दिला तो नुसत्या पाण्याचा. फुशिमीतल्या गोकोनोमिया देवळाच्या आवारात एक झरा आहे, त्याचे पाणी भरून न्यायला लोक आजही बाटल्या घेऊन येतात. हे पाणी तिथले होते. ओसाकाच्या दुसऱ्या बाजूला, कोबेजवळ, नादा हा साकेसाठी तितकाच प्रसिद्ध पट्टा आहे. तिथले पाणी अधिक जड, त्यातल्या क्षारांवर यीस्ट जोमाने वाढते आणि साके करकरीत, धारदार होते. फुशिमीचे पाणी त्यामानाने हलके, म्हणून इथली साके मवाळ. जुनी म्हण नादाच्या साकेला पुरुषी आणि फुशिमीच्या साकेला बायकी म्हणते. ज्या धंद्याने बायकांना कित्येक शतके भट्टीच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही, त्याने चवीला मात्र बायकी म्हणावे, याची मला थोडी गंमत वाटली.

त्यानंतर पाच पेले समोर मांडले गेले. पांढऱ्या चिनी मातीचे, तळाशी निळ्या रंगाची दोन वर्तुळे असलेले. ही नक्षी शोभेसाठी नसते: पांढऱ्यावर साकेचा पिवळसरपणा दिसतो आणि निळ्याची कड किती स्पष्ट दिसते त्यावरून तिचा गढूळपणा कळतो. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. इथे पेल्यावरून तांदळाची करायची होती.

आणि इथे मुख्य मुद्दा येतो, ज्यासाठी मी हे सगळे लिहीत आहे. साकेच्या बाटलीवर एक टक्केवारी छापलेली असते. ती सडल्यानंतर तांदळाचा किती भाग उरला हे सांगते. आपण रोज खातो तो पांढरा तांदूळ साधारण नव्वद टक्के उरलेला असतो. साठ टक्के किंवा त्याहून कमी उरला तर त्या साकेला ‘गिंजो’ म्हणता येते, पन्नास किंवा त्याहून कमी उरला तर ‘दाइगिंजो’. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिने आणि स्निग्धांश जास्त असतात, ते साकेत उतरले की चव जड होते आणि नाजूक सुगंध दबतात. म्हणून दाणा फुटू न देता, तापू न देता, सावकाश घासत न्यायचा. पन्नास टक्क्यांपर्यंत पोचायला यंत्रालाही दोन-दोन दिवस लागतात. यामागुची प्रांतातल्या दास्साई या प्रसिद्ध साकेच्या एका बाटलीच्या नावातच २३ हा आकडा आहे, म्हणजे दाण्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकलेला. हा भुस्सा वाया जात नाही, त्यातला पांढरा भाग तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांना जातो आणि तपकिरी कोंडा लोणची मुरवायला, हेही इथे सांगायला हवे.

पुण्या-मुंबईहून येणारे आमचे पाहुणे विमानतळावर हा आकडा बघून बाटली निवडतात. जितका आकडा लहान तितकी साके थोर, असे त्यांनी कुठेतरी वाचलेले असते, आणि खरे सांगायचे तर मीही त्यांना हेच सांगत आले होते. पहिला पेला दाइगिंजोचा होता आणि तो नाकाशी नेताच पिकलेल्या वेलची केळ्यांचा वास आला, त्यामागे सफरचंदाचा. बाईंनी सांगितले की हे फळांचे वास कोणी घातलेले नाहीत. थंड तापमानात, उपाशीपोटी राबवलेल्या यीस्टने ते तयार केले आहेत. वास अप्रतिम होता. पण घोट घेतल्यावर तोंडात फारसे काही उरले नाही. तिसरा पेला ‘जुनमाई’चा होता, म्हणजे वरून मद्यार्क न मिसळलेली, केवळ तांदूळ, कोजी, यीस्ट आणि पाण्याची साके, तिचा तांदूळ ऐंशी टक्के उरलेला होता. तिला केळ्याचा वास नव्हता. तिला मऊभाताच्या वरच्या निवळीचा, आटवलेल्या पेजेचा वास होता, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला या पेयात तांदूळ भेटला.

२००४ पूर्वी जुनमाई म्हणवून घ्यायला तांदूळ सत्तर टक्क्यांपर्यंत सडणे बंधनकारक होते; मग ती अट काढली गेली, आणि म्हणूनच अशी ऐंशी टक्क्यांची बाटली आज उजळ माथ्याने जुनमाई म्हणून विकता येते. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. त्याआधीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १९९२ पर्यंत सरकार साकेला विशेष, पहिली आणि दुसरी अशा श्रेणी देत असे आणि वरच्या श्रेणीवर कर जास्त असे. तेव्हा काही छोटे उत्पादक आपली उत्तम साके परीक्षेला पाठवतच नसत. परीक्षा न झालेली साके आपोआप दुसऱ्या श्रेणीत जाई आणि जाणकार गिऱ्हाईक ती स्वस्तात नेई. श्रेणी गेल्या, पण लेबलावर वरची पायरी शोधण्याची सवय गेली नाही, ती आता टक्केवारीला चिकटली आहे. आपल्याकडे एकसडी तांदूळ गरिबाचा आणि शुभ्र तांदूळ पाहुण्यांचा होता. आता तोच हातसडीचा तांदूळ पुण्यात दुप्पट भावाने मिळतो. सडण्याचे प्रमाण ही शैली आहे, दर्जा नव्हे, एवढे आपल्याला तरी समजायला हरकत नव्हती.

चौथा पेला ‘यामाहाई’ पद्धतीचा होता, ज्यात विरजण हवेतल्या लॅक्टिक जिवाणूंवर सोपवून सावकाश लागू देतात. त्याला ताकाचा आंबूस वास होता आणि आमच्यातल्या दोघांनी तो न संपवताच बाजूला ठेवला. पाचवी जुनी, मुरवलेली साके काकवीसारखी होती. दुसऱ्या पेल्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

बाईंची एक गोष्ट मला पटली नाही. पाचही पेले त्यांनी थंडच दिले आणि गरम साकेचा उल्लेख अगदी शेवटी, घाईघाईत केला. वास्तविक या भाषेत साकेच्या तापमानाच्या जवळजवळ दर पाच अंशांना वेगळे नाव आहे: पाच अंशांना बर्फाचा गारवा, दहाला फुलांचा, तीसला उन्हाची ऊब, पस्तीसला माणसाच्या अंगाची ऊब, चाळीसला कोमट. इतकी बारीक नजर ज्यांनी कमावली त्यांच्याच वर्गात ती पाहुण्यांपासून का लपवावी? गरम साके म्हणजे हलक्या मालाचे दोष झाकायची युक्ती, हा समज परदेशात पसरला आहे आणि अशा वर्गांनी तो खोडायला हवा. मी आग्रह केला तेव्हा बाईंनी हसून तिसऱ्या पेल्यातली साके छोट्या सुरईत ओतली आणि सुरई गरम पाण्यात उभी केली. आधी जी थोडी रांगडी, कोपऱ्याकोपऱ्यांची लागत होती, ती तीच साके होती यावर विश्वास बसेना. आंबटपणा मागे सरला होता आणि भाताचा गोडवा पुढे आला होता.

त्याच ऐंशी टक्क्यांची एक बाटली मी घरी घेऊन आले आहे. गेल्या शनिवारी रवा लावून बांगडा तळला आणि सुरई नसल्यामुळे साके स्टीलच्या छोट्या लोटीत ओतून ती गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. नवऱ्याने थर्मामीटर शोधायला घेतला. मी लोटीला करंगळी लावून पाहिली. विरजण लावताना दूध जेवढे सोसवते तेवढी ऊब आली होती, म्हणून लोटी बाहेर काढली. थर्मामीटर सापडला तेव्हा त्यावर एकोणचाळीस दिसले.