'भाकरी तर मिळते ना?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

गावातल्या घरांत म्हाताऱ्या माणसांचा जो मानसिक छळ होतो, त्यावरच्या माझ्या 'एकतीस तारीख' या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली. पुण्यात बसून गावाची बदनामी करू नका, वृद्धाश्रम शहरात असतात, गावात म्हातारी माणसं आपल्या घरात मरतात, दोन वेळची भाकरी मिळते, 'मानसिक छळ' हा शब्द बाहेरचा, आणि ज्याचा कांदा मातीमोल गेला तो बापाशी गोड बोलणार कुठून, असा तुमचा एकंदर सूर. शेवटी एक वाक्य : 'त्या म्हातारीनं सुनांना कसं वागवलं तेपण लिहा.'

तिथूनच सुरू करतो, कारण तिथे तुम्ही मला पकडलंत. 'सुना आल्या आणि घर फिरलं' असं मी लिहिलं होतं. आळशी वाक्य होतं ते. ज्या चुलत आजीवर तो लेख आहे, तिनं थोरल्या सुनेला पहिल्या बाळंतपणानंतर सव्वा महिना व्हायच्या आत खुरपायला धाडलं होतं. भावकीत सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होतं. गाळलं, कारण आजी माझी होती. पण पुढे आजीशी जे झालं ते सुनांनी उसनं फेडलं म्हणायचं, तर या हिशोबात मुलगे कुठे आहेत? ताट वाढायचं काम सुनेचं, म्हणून टोमणाही तिच्याच तोंडून ऐकू येतो. मुलगा नुसता गप्प बसतो, आणि गप्प बसणाऱ्याला गावात गरीब स्वभावाचा म्हणतात.

आता भाकरी. मिळत नाही असं मी म्हटलंच नव्हतं. वाटणीत जमीन आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, तशी आईही वाटली : एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. महिना तीस दिवसांचा ठरला. मग एकतीस तारीख कोणाची? वर्षात असे सात दिवस येतात. त्या दिवशी आजी दोन्ही चुलींच्या मधल्या ओसरीवर कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसायची. आतून कुणी 'जेवायला या' म्हणतंय का, याकडे कान. उपाशी कधी राहिली नाही, दिवस कलेपर्यंत ताट यायचंच. तुमच्या मापानं छळ शून्य.

शब्द बाहेरचा असेल. पण टोचून बोलणं, घालूनपाडून बोलणं, पाण्यात पाहणं, अबोला धरणं, हे तर आपल्याच घरांत घडलेले शब्द आहेत ना? आणि 'म्हातारं कुठं उलथलं?' हे? बाप पुल्लिंगी, आई स्त्रीलिंगी, सत्तरी ओलांडली की दोघंही नपुंसकलिंगी. (लाडानंही म्हणतात, मान्य. ऐकणाऱ्याला फरक कळतो.)

गावाच्या बदनामीचं म्हणाल तर, 'लासी' या सरकारी पाहणीत (२०१७-१८) साठीपुढच्या सुमारे ५ टक्के लोकांनी वर्षभरात आपल्याला वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं होतं, आणि ते प्रमाण गावांत शहरांपेक्षा जास्त होतं. मला तर आकडा कमीच वाटतो. विचारणारा ओसरीवर बसलेला, आत त्याच्यासाठी चहा उकळतोय. कोण तोंड उघडेल?

कांद्याचं खरं आहे. कर्जाखाली माणूस खेकसतो. पण तोच माणूस सोसायटीच्या सचिवाशी किती अदबीनं बोलतो, तेही मी पाहिलंय.

'कायदा आहे की,' असंही तुम्ही लिहिलंत. आहे, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा, २००७ चा. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, वकील लागत नाही, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. पण निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात शाब्दिक आणि भावनिक छळही घेतला होता, ते मंजूर झालं नाही. आणि प्रांत कचेरीत जायचं कसं? ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून. श्रावणबाळचा दीड हजार रुपये पगार आणायला आजी तशीच जायची, आणि बँकेच्या पायरीवरच नोटा नातवाच्या खिशात जायच्या. १४५६७ ही हेल्पलाइन आहे, पण फोनही पोराचाच.

त्यातल्या त्यात हाताशी धरण्यासारखं याच कायद्याचं कलम २३. बक्षीसपत्रात 'सांभाळ करीन' अशी अट घातली आणि सांभाळ झाला नाही, तर ते रद्द करून मागता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूनं असाच निकाल दिला. तुमच्याकडे कुणी जमीन नावावर करून देत असेल तर अट लिहून घ्यायला सांगा. पोरं रागावतील. रागावू द्या.

सुनांबद्दलचं ते वाक्य आज लेखातून काढलं आणि सव्वा महिन्याची गोष्ट घातली. आधी थोरल्या काकींना फोन करून विचारलं. 'लिही की,' म्हणाल्या. 'आन् हेबी लिही, एकतीस तारखेला ताट मीच न्यायची.'