हिडकलच्या पाण्यावर शीड

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात कुणीतरी बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाचा फोटो टाकला. खाली ओळ: ‘इथं स्पीडबोटी आणा, गोव्याला जाणारं पब्लिक इकडं वळेल.’ दोन दिवस जुंपली, तिसऱ्या दिवशी गाडी सवयीप्रमाणे सीमाप्रश्नावर गेली. मी मधेच लिहिलं, स्पीडबोटी नकोत, शिडाच्या होड्या आणा. लगेच बेळगावात टिळकवाडीत राहणाऱ्या मित्राचं उत्तर: ‘तिकडं बसून आम्हाला शिकवालास काय बे? हे श्रीमंतांचे चोचले.’

चोचल्यांचं आधी सांगतो. मी अमेरिकेत शार्लटला राहतो. माझी होडी फ्लाइंग स्कॉट वर्गातली, वापरलेली, एका जुन्या गाडीपेक्षा कमी पैशांत मिळाली. सँडी डग्लस यांनी 1957 मध्ये आखलेली ही 19 फुटी होडी. वजन साधारण 385 किलो. धक्क्यावर जागा भाड्याने घ्यायला नको, आठवडाभर ती ट्रेलरवर घराशेजारी ताडपत्रीखाली असते. शनिवारी गाडीमागे जोडायची, उतारावर न्यायची, दोघांनी मिळून डोलकाठी उभी करायची आणि ट्रेलर पाण्यात ढकलायचा. होडीच्या पोटातून पाण्यात उतरणारी फळी वर ओढली की ती जेमतेम आठ इंच पाण्यातही तरंगते. उन्हाळ्यात काठ मागे मागे सरकणाऱ्या हिडकलला अशीच होडी हवी.

शर्यतीत सगळ्यांच्या होड्या एकाच साच्यातल्या. शिडांची मापंही ठरलेली, त्यामुळे पैसेवाल्याला वेग विकत घेता येत नाही. उत्तर अमेरिकेच्या वार्षिक स्पर्धेत मुरलेल्यांचा गट वेगळा नि आमच्यासारख्यांचा वेगळा. पाण्यावर पंच नसतो. एकदा वळण घेताना माझ्या होडीचा मागचा कोपरा वळणाची खूण असलेल्या तरंगत्या बोयाला पुसटसा लागला. कुणी पाहिलं नव्हतं. बरोबरच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी मुकाट्याने बाजूला होऊन होडीची पूर्ण गिरकी घेतली. तेवढ्यात चार होड्या पुढे गेल्या. नियमच तसा आहे, चूक झाली की शिक्षा आपली आपण घ्यायची. (शिडावर वर्गाचं चिन्ह आणि नंबर, बस्स. 2024 च्या कायद्याने कर्नाटकात नावाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं. हिडकलला क्लब निघालाच तर पहिलं भांडण पाटीवरूनच होणार, हे मला इथूनही दिसतं.)

वाऱ्याची आपल्याकडे वानवा नाही, सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. ट्रेलर बेळगावच्या उद्यमबागेतला कुठलाही वर्कशॉपवाला जोडून देईल. फ्लाइंग स्कॉटच मागवा असंही माझं म्हणणं नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर सरकारी शाळांतली पोरं ऑप्टिमिस्ट चालवतात. ती पावणेआठ फुटांची, एका मुलाची होडी. सुरुवात तिथूनच व्हावी, आधी पोहणं आणि लाइफ जॅकेट. स्पीडबोटीत पैसे टाकून पंधरा मिनिटं किंचाळायचं आणि उतरायचं; त्यात गावच्या पोराच्या वाट्याला येतं ते तिकीट फाडणं.

मित्राच्या टोमण्यात तथ्य मात्र आहे, आणि ते पैशांबद्दलचं नाही. मी जिथे होडी हाकतो ते लेक नॉर्मनही धरणाचंच पाणी. वीज कंपनीने 1959 ते 1964 मध्ये काउन्स फोर्ड धरण बांधलं, खाली लोकांची शेतं गेली. माझ्या नकाशावर त्या जागी फक्त खोलीचे आकडे आहेत. मला त्याचं काही वाटत नाही, कारण ती शेतं माझ्या कुणाची नव्हती. हिडकलचं तसं नाही. हुक्केरी तालुक्यातल्या आत्याची सासरची जमीन घटप्रभेच्या त्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलमंदिर वर येतं, तेव्हा ती दर्शनाला जाते आणि येताना शेताचा बांध शोधते. तिथे होड्या आल्याच तर पहिला हक्क ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडांचा. ग्रुपवर हे लिहायचं राहून गेलं.

रविवारी आत्याला फोनवर सगळं सांगितलं. शीड कसं फिरवायचं, वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी कसं जायचं, सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हटलं, पुढच्या खेपेला तुला होडीतून तुमच्या शेतावर नेतो.

‘मे महिन्यात ये की,’ आत्या म्हणाली. ‘पाणी उतरलं की चालतच जाऊ. होडी कशाला?’